लाईट गेली की तुमच्या सॉफ्टवेअरचं काय होतं? ओपन सोर्स आणि टेस्टिंगबद्दल माझ्या वहीतल्या नोंदी



मागच्या व्हिडिओत आपण बिलिंग सॉफ्टवेअर निवडताना काय काय बघायचं ते पाहिलं. त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता. "सर, ओपन सोर्स म्हणजे फुकट ना? मग फुकटच्या सॉफ्टवेअरवर धंद्याचा हिशोब ठेवायचा का?"

प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर व्हिडिओच्या दोन मिनिटांत बसत नाही. आता मी ट्रेनिंग देतो, पण त्याआधी बरीच वर्षं प्रोग्रॅम लिहिण्याचंच काम केलं. त्या काळातली एक जाडजूड वही अजून माझ्याकडे आहे. कुठे चुकलो, का चुकलो, पुढे काय करायचं, असं सगळं तिच्यात आहे. आजचा लेख त्या वहीतूनच काढलाय. चहा घेऊन बसा, थोडा मोठा आहे.

आधी माझीच चूक सांगतो

२०१३ चा जून महिना. पेरणीचे दिवस. तालुक्याच्या गावी एक कृषी सेवा केंद्र होतं, त्याचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मी लिहून दिलं होतं. दुकानाचे मालक वयाने मोठे, मी त्यांना काका म्हणायचो. बियाणं, खतं, औषधं, आणि निम्म्याहून जास्त व्यवहार उधारीवर. पीक आलं की पैसे. म्हणजे त्यांच्या दुकानात खरी संपत्ती गोदामात नव्हती, ती उधारीच्या खात्यात होती.

माझा प्रोग्रॅम काय करायचा? सगळी खाती एका फाईलमध्ये ठेवायचा. नवीन बिल झालं की ती अख्खी फाईल पहिल्यापासून पुन्हा लिहून काढायचा. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर दोन महिने चालवून बघितलं होतं. एकदाही अडला नाही. मी खूश.

एका दुपारी पाऊस सुरू झाला, लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. नेमकं त्याच क्षणी बिल सेव्ह होत होतं. फाईल अर्धी लिहून झाली होती, उरलेली अर्धी कुठेच नव्हती. लाईट आल्यावर प्रोग्रॅम उघडेचना. पेन ड्राईव्हवरचा बॅकअप नऊ दिवस जुना. ऐन पेरणीतल्या नऊ दिवसांची उधारी गेली.

मी धावत गेलो. काका ओरडले नाहीत. काउंटरवर ओळ लागलेली, ते कोऱ्या वहीत हाताने लिहीत होते. मान वर करून एवढंच म्हणाले, "तुझ्या मशीनला लाईट गेलेली कळत नाही का रे?"

पुढचे पंधरा दिवस आम्ही गिऱ्हाइकांना निरोप पाठवून त्यांच्याकडची बिलं मागवली. बहुतेक शेतकऱ्यांनी प्रामाणिकपणे आणून दाखवली. काहींची पावसात भिजली होती, काहींची सापडली नाहीत. काही रक्कम शेवटपर्यंत जुळली नाही. मी माझी फी परत केली. पण काकांचा तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्या दिवशी लिहून ठेवलं: "चालतं म्हणजे तपासलेलं नव्हे."

मग ओपन सोर्सकडे वळलो

काकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी एका डेटाबेसपाशी येऊन पोचलो. त्याचं नाव एसक्यूलाईट. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पण तो आत्ता तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोनमध्ये आहे, आयफोनमध्ये आहे, क्रोम आणि फायरफॉक्स ब्राउझरमध्ये आहे. तुमचे व्हॉट्सअॅपचे मेसेज फोनवर साठवले जातात तेही याच डेटाबेसमध्ये.

हा डेटाबेस डी. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रॅमरने लिहिला, पहिली आवृत्ती आली ऑगस्ट २००० मध्ये. त्याची सुरुवातही गमतीशीर आहे. हिप अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. तिथला डेटाबेस एका वेगळ्या सर्व्हरवर चालायचा. तो सर्व्हर बंद पडला की हिप यांचा प्रोग्रॅम चालायचा नाही. चूक सर्व्हरची, पण एरर दिसायचा यांच्या प्रोग्रॅमच्या खिडकीत, म्हणून बोलणी यांना. मग त्यांनी ठरवलं, सर्व्हर लागणारच नाही असा डेटाबेस करू. सरळ डिस्कवरच्या एका फाईलमध्ये वाचायचं, लिहायचं.

म्हणजे बघा, माझ्यासारखीच कल्पना. सगळा डेटा एका फाईलमध्ये. मग त्यांचं टिकलं आणि माझं का फुटलं?

लाईट गेल्यावर एसक्यूलाईट काय करतो

आपल्या दुकानातल्या भाषेत सांगतो. खातेवहीत एखादी नोंद बदलायची असेल तर जुना मुनीम काय करायचा? आधी जुना आकडा एका चिठ्ठीवर उतरवून घ्यायचा, मग वहीत खाडाखोड करायची, आणि सगळं नीट झालं की चिठ्ठी फाडून टाकायची. मध्येच कोणी हाक मारली, काम अर्धवट राहिलं, तर परत आल्यावर चिठ्ठी टेबलावर पडलेली दिसते. चिठ्ठी आहे म्हणजे काम अर्धवट आहे. चिठ्ठीवरचा आकडा वहीत परत लिहायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

एसक्यूलाईट नेमकं हेच करतो. त्या चिठ्ठीला जर्नल म्हणतात. फाईलमधला भाग बदलण्याआधी जुना मजकूर जर्नलमध्ये लिहिला जातो आणि तो डिस्कवर खरोखर पोचला याची खात्री केली जाते. मग मूळ फाईल बदलते. शेवटी जर्नल पुसलं की व्यवहार पक्का झाला. मध्ये लाईट गेली तर पुढच्या वेळी फाईल उघडताना जर्नल सापडतं, आणि सगळं आपोआप आधीच्या स्थितीला येतं. तुमचं शेवटचं एक बिल पुन्हा करावं लागेल, पण आधीची हजार बिलं शाबूत राहतात. (२०१० पासून त्यात आणखी एक पद्धत आली, पण तत्त्व तेच: अर्धवट काम कधीच पक्कं धरायचं नाही.)

हे वाचून मला वाटलं, ठीक आहे, युक्ती कळली. पण पुढचा प्रश्न आला. ही युक्ती दर वेळी चालते हे त्यांना कसं माहीत?

इथून खरी गोष्ट सुरू होते.

एका ओळीच्या कोडसाठी ५९० ओळींची तपासणी

एसक्यूलाईटने आपलं टेस्टिंग कसं चालतं ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहून ठेवलंय. २०२३ मधल्या ३.४२.० या आवृत्तीचे त्यांचे आकडे बघा. मूळ कोड सुमारे १ लाख ५५ हजार ८०० ओळींचा. आणि तो तपासण्यासाठी लिहिलेला टेस्टचा कोड सुमारे ९ कोटी २० लाख ओळींचा. म्हणजे ५९० पट!

माझ्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या टेस्टच्या ओळी किती होत्या? शून्य. मी स्वतः बटणं दाबून बघायचो, त्यालाच टेस्टिंग म्हणायचो.

ते काय काय तपासतात त्यातल्या चार गोष्टी मी वहीत उतरवून घेतल्या. त्या मोठ्या सॉफ्टवेअरपुरत्याच आहेत असं समजू नका.

पहिली: वाईट दिवसाची तालीम. लाईट जाण्याची वाट न बघता ते लाईट मुद्दाम घालवतात. म्हणजे खरी नाही, कॉम्प्युटरमध्ये तसं नाटक करतात. लिहिण्याच्या पहिल्या टप्प्यावर बंद पडलं तर काय, दुसऱ्या टप्प्यावर पडलं तर काय, असं एकेक टप्पा पुढे सरकत बघायचं. तसंच मेमरी संपल्याचं आणि डिस्क खराब झाल्याचं नाटक. दर वेळी शेवटी एकच प्रश्न: डेटा शाबूत आहे का?

दुसरी: प्रत्येक फाट्यावरून जाऊन येणं. प्रोग्रॅममध्ये जागोजागी "असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर" असे फाटे असतात. समजा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नियम आहे: गिऱ्हाईक जुनं असेल आणि बिल ५००० च्या वर असेल तर सूट द्या. बहुतेक जण एकदा जुनं गिऱ्हाईक आणि ६००० चं बिल टाकून बघतात, सूट मिळाली की खूश होतात. पण जुनं गिऱ्हाईक आणि ४००० चं बिल? नवं गिऱ्हाईक आणि ६००० चं बिल? बरोबर ५००० चं बिल? हे तिन्ही बघितल्याशिवाय नियम तपासला असं म्हणता येत नाही. विमानाच्या सॉफ्टवेअरसाठी असा कडक निकष वापरतात. एसक्यूलाईटने तोच स्वतःला लावून घेतला आणि मुख्य कोडचे शंभर टक्के फाटे तपासले जातील असं बघितलं.

तिसरी: एक चूक दोनदा नाही. कोणी बग कळवला की नुसती दुरुस्ती करून ते थांबत नाहीत. ती चूक पकडेल अशी एक नवी टेस्ट लिहिल्याशिवाय बग मिटला असं धरत नाहीत. ती टेस्ट पुढच्या प्रत्येक आवृत्तीला चालते. याला रिग्रेशन टेस्ट म्हणतात. सोपा अर्थ: मिटलेलं दुखणं पुन्हा उपटलं का ते बघणं. आपल्याकडे काय होतं? "मागच्या वर्षी दुरुस्त केलेलं तेच पुन्हा बिघडलं" असं आपण सॉफ्टवेअरवाल्याला किती वेळा ऐकवतो!

चौथी: शेजाऱ्याच्या वजनकाट्यावर मोजणं. तोच प्रश्न एसक्यूलाईटला विचारायचा आणि पोस्टग्रेसक्यूएल, मायएसक्यूएल, ओरॅकल अशा दुसऱ्या डेटाबेसना विचारायचा. उत्तरं जुळली पाहिजेत. अशी सत्तर लाखांहून जास्त विचारपूस त्यांच्या एका टेस्टच्या संचात आहे. आपण नाही का, शंका आली की माल शेजारच्या काट्यावर पुन्हा तोलून बघतो? तेच.

आणि एक चेकलिस्ट

एवढी यंत्रणा असूनही नवी आवृत्ती सोडण्याआधी ते एक चेकलिस्ट भरतात. सुमारे २०० मुद्दे. काही काही सेकंदांत होतात, काहींना कितीतरी तास लागतात. प्रत्येकावर खूण झाल्याशिवाय आवृत्ती बाहेर जात नाही.

ही कल्पना कुठून सुचली तेही त्यांनी लिहिलंय. 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' या पुस्तकावरून. हे पुस्तक डॉ. अतुल गावंडे यांचं, २००९ मधलं. अमेरिकेतले नामवंत सर्जन, पण त्यांच्या वडिलांचं मूळ गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. ऑपरेशन थिएटरमध्ये हुशार डॉक्टरसुद्धा साध्या गोष्टी विसरतात आणि एक साधी यादी जीव वाचवू शकते, हा त्या पुस्तकाचा गाभा. विदर्भातल्या घरातल्या डॉक्टरचा विचार तुमच्या खिशातल्या फोनच्या डेटाबेसपर्यंत पोचला. मला हे वाचून खरंच छान वाटलं होतं.

तरीही चुका राहतात!

आता तुम्ही म्हणाल, एवढं केल्यावर बग राहणारच नाहीत. नाही, राहतात.

२०१५ साली मिखाऊ झालेव्स्की या सुरक्षा-तज्ज्ञाने आपलं एक हत्यार एसक्यूलाईटवर चालवून बघितलं. हे हत्यार काय करतं? प्रोग्रॅमला वेडेवाकडे, तोडलेमोडलेले, कोणाच्या डोक्यातही येणार नाहीत असे इनपुट देत राहतं, न थकता. याला फझिंग म्हणतात. लहान पोराच्या हातात कॅल्क्युलेटर दिल्यासारखं. आणि अर्ध्या तासात त्याला २२ बग सापडले. शंभर टक्के फाटे तपासलेल्या सॉफ्टवेअरमध्ये!

महत्त्वाचं ते पुढे झालं. एसक्यूलाईटवाल्यांनी बग दुरुस्त केले, आणि तशा प्रकारची तपासणी आपल्या रोजच्या कामात कायमची सामील करून घेतली. मी वहीत लिहिलं: "चांगलं सॉफ्टवेअर म्हणजे चुका नसलेलं नव्हे. चूक दाखवल्यावर ज्याची तपासणीची पद्धत सुधारते ते चांगलं."

हे शक्य झालं कारण कोड उघडा होता. बाहेरच्या माणसाला परवानगी न मागता तपासता आला. ओपन सोर्सचा खरा फायदा हा. फुकट मिळतं हा त्यानंतरचा.

पण उघडं म्हणजे तपासलेलं नव्हे

इथे आपल्यातले बरेच जण फसतात. "कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे कोणीतरी बघितलंच असेल." वाड्याच्या सामाईक जिन्यासारखं. सगळ्यांचा जिना, म्हणून कोणीच झाडत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा बग उघडकीला आला. ओपनएसएसएल नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, वेबसाईटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवण्यासाठी जगभर वापरलं जातं. त्यात एक छोटी सोय होती. समोरचा विचारतो, "जागा आहेस ना? मी पाठवलेला शब्द परत पाठव, तो इतक्या अक्षरांचा आहे." सर्व्हर तेवढी अक्षरं परत पाठवायचा. शब्द खरंच तेवढा लांब आहे का, हे मात्र बघायचाच नाही.

म्हणजे कसं, एखाद्याने गोदामवाल्याकडे मूठभर धान्याची पुडी ठेवली आणि परत नेताना सांगितलं "माझं पन्नास किलो होतं". गोदामवाल्याने न तोलता शेजारच्यांच्या पोत्यातलं भरून दिलं. हार्टब्लीडमध्ये अशा प्रकारे एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेर येऊ शकत होता. त्यात पासवर्ड असू शकत होते, गुप्त किल्ल्यासुद्धा. तपासणीची एक ओळ राहिली होती. आणि ही चूक असलेली आवृत्ती मार्च २०१२ पासून वापरात होती. म्हणजे दोन वर्षं कोड सगळ्यांसमोर उघडा पडलेला, आणि कोणाचं लक्ष नाही.

का? कारण जग ज्याच्यावर विसंबून होतं ते सॉफ्टवेअर मोजकी माणसं सांभाळत होती आणि प्रकल्पाला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या साधारण २००० डॉलर. हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांना एकत्र आणून अशा प्रकल्पांसाठी निधी उभा केला. पण नुकसान झाल्यावर.

दुसरं उदाहरण बघा. मार्च २०२४. एक्सझेड नावाचं फाईल दाबून लहान करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. ते सांभाळणारा माणूस थकलेला, एकटा. एका अनोळखी व्यक्तीने मदतीचा हात पुढे केला, दोनेक वर्षं नीट काम करून विश्वास मिळवला आणि मग गुपचूप चोरदरवाजा बसवला. कुठे लपवला माहीत आहे? टेस्टसाठी ठेवलेल्या फाईलींमध्ये! टेस्टच्या फाईली कोण उघडून बघतो? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने "असेल काहीतरी" म्हणून सोडून दिलं नाही, मुळाशी गेला. म्हणून जग वाचलं.

यातून आपल्या धंद्यासाठी धडा काय? सॉफ्टवेअर निवडताना फक्त "ओपन सोर्स आहे का" विचारून भागत नाही. "कोण सांभाळतं, त्याचं पोट कशावर चालतं, आणि तपासणी कशी होते" हे तीन प्रश्न विचारायचे.

पोट कशावर चालतं?

एसक्यूलाईट कोणालाही, कशासाठीही फुकट वापरता येतं. त्याचे हक्कच त्यांनी सोडून दिलेत. मग ते जगतात कशावर? मोठ्या कंपन्या वर्षाची वर्गणी भरतात, त्या बदल्यात थेट मदत मिळते. त्यांच्या टेस्टचा एक संच मात्र उघडा नाही, तो मालकीचा ठेवलाय. कोड फुकट, पण खात्री विकत. धंदा म्हणूनही शिकण्यासारखं आहे हे!

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे ईआरपीनेक्स्ट. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं, हिशोब, स्टॉक, खरेदी-विक्री असं सगळं असलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. कोड फुकट घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर बसवा, किंवा पैसे देऊन त्यांच्याकडून चालवून घ्या. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. पण लक्षात ठेवा, फुकट घेतलं तरी सर्व्हर, बसवणारा माणूस, स्टाफचं ट्रेनिंग, जुना डेटा आणणं, बॅकअप, यांचा खर्च तुमचाच. "फुकट" हा शब्द फक्त लायसन्सपुरता धरायचा.

तुमच्या दुकानात टेस्टिंग कसं करायचं

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्ही प्रोग्रॅमर नसाल, पण टेस्टिंग तुम्हालाही करता येतं. किंबहुना तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकणार नाही, कारण धंद्यातल्या वेड्यावाकड्या वेळा तुम्हालाच माहीत. ओपन सोर्स असो की विकतचं, सॉफ्टवेअर धंद्यावर चढवण्याआधी खोट्या डेटावर एवढं करून बघा:

१. बिल सेव्ह करताना कॉम्प्युटरचं बटण मुद्दाम बंद करा. दहा वेळा. दर वेळी उघडून आधीची बिलं मोजा.

२. अडचणीचे आकडे टाका. नग शून्य. पाव किलो, म्हणजे ०.२५०. सूट शंभर टक्के. रक्कम एक कोटी.

३. पैशाचा गोलमाल बघा. १००.५० रुपयांच्या मालावर ५ टक्के जीएसटी होतो ५.०२५, म्हणजे जवळचा आकडा ५.०३. पण सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगळे काढले तर प्रत्येकी २.५१२५, म्हणजे २.५१. दोन्ही मिळून ५.०२. एक पैशाचा फरक! सॉफ्टवेअर कुठली पद्धत वापरतं आणि सगळीकडे तीच वापरतं का, ते तुमच्या सीएला दाखवून घ्या. (कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक नेहमी तंतोतंत साठवू शकत नाही, ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३००००००००००...०४ अशी दाखवतो. म्हणून चांगला प्रोग्रॅमर हिशोब पैशांच्या पूर्ण आकड्यांत ठेवतो.)

४. तारीख ३१ मार्च करून एक बिल, १ एप्रिल करून दुसरं बिल. बिलाचे नंबर आणि वर्ष बरोबर बदलतात का?

५. दोन कॉम्प्युटरवरून एकाच वेळी बिल करा. एकच नंबर दोघांना मिळाला तर सॉफ्टवेअर नको.

६. माल परत घेऊन बघा. स्टॉक वाढला का, उधारी कमी झाली का?

७. बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवा. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे बॅकअपच नाही. आणि एक धोक्याची सूचना: प्रोग्रॅम चालू असताना डेटाबेसची फाईल नुसती कॉपी करू नका, अर्धवट उतरू शकते. सॉफ्टवेअरमधलं बॅकअपचं बटण वापरा. फाईलशेजारी जर्नल नावाची फाईल दिसली तर "कचरा आहे" म्हणून डिलीट तर मुळीच करू नका. ती मुनिमाची चिठ्ठी आहे!

जिथे चूक सापडेल तिथे तीन ओळी लिहा: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. "सॉफ्टवेअर चालत नाही" अशी तक्रार कोणालाच दुरुस्त करता येत नाही. या तीन ओळी मिळाल्या तर प्रोग्रॅमर तुमचे आभार मानेल. ओपन सोर्स प्रकल्पात तर अशी नीट लिहिलेली तक्रार म्हणजे देणगीच समजतात. कोड लिहिता येत नसला तरी तुम्ही अशा प्रकारे हातभार लावू शकता.

आणि सापडलेल्या चुकांची यादी जपून ठेवा. पुढचं अपडेट आलं की तीच यादी पुन्हा चालवायची. झाली तुमची रिग्रेशन टेस्ट.

काकांचं दुकान

शेवटी काकांचं सांगतो. त्या वर्षी दिवाळीनंतर मी सॉफ्टवेअर पुन्हा लिहिलं, या वेळी खाली एसक्यूलाईट ठेवून. स्वतः टेस्ट लिहिल्या, थोड्या, पण लिहिल्या. मग ते घेऊन भीतभीत दुकानात गेलो. काका म्हणाले, "बघू, आता मी तपासतो." मी बिल सेव्हचं बटण दाबायचो आणि ते स्वतः भिंतीवरचा स्विच बंद करायचे. एक, दोन, तीन... पोरगा वहीवर रेघा मारत होता. पन्नास वेळा. पन्नास वेळा मागची सगळी बिलं जागेवर. अर्धवट राहिलेलं बिल चार वेळा पुन्हा करावं लागलं, बस.

काका हसले नाहीत, शाबासकी दिली नाही. कपाटातून ती जूनमधली कोरी वही काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही तुझ्याकडे ठेव. उरलेल्या पानांवर चुका लिहीत जा."

सुरुवातीला म्हटलं ना, माझ्याकडे एक वही आहे. ती हीच.

आजचा गृहपाठ: वरच्या सातपैकी पहिली आणि सातवी, एवढ्या दोन टेस्ट या आठवड्यात तुमच्या सॉफ्टवेअरवर करा. आधी बॅकअप घ्या, मगच लाईट घालवा! काय निकाल आला ते व्हिडिओखाली नक्की कळवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू.